चिठ्ठीची किंमत: ब्रिटनमधील औषधमाफीच्या एका यादीचा इतिहास

१/
सोमवार, १० जून १९६८. ब्रिटनमधील औषधांच्या दुकानांत त्या दिवसापासून तीन वर्षांपूर्वी बंद झालेली एक वसुली पुन्हा सुरू झाली. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेल्या प्रत्येक औषधामागे रुग्णाने अडीच शिलिंग भरायचे होते. काही रुग्णांना मात्र त्यातून माफी होती आणि ती कोणाला मिळावी हे ठरवण्यासाठी सरकारने एक यादी तयार केली होती. त्या यादीतील आजारांचा भाग इंग्लंडमध्ये आजही जवळजवळ जसाच्या तसा लागू आहे. अर्धशतकाहून अधिक काळात त्यात केवळ एका आजाराची भर पडली. ही यादी कशी जन्मली आणि ती इतकी अचल का राहिली, याचा हा मागोवा.
#इतिहास #थ्रेड

२/
या इतिहासाचे मूळ दक्षिण वेल्समधील ट्रेडेगर या कोळसाखाणींच्या गावात सापडते. तेथील कामगारांनी १८९० मध्ये वैद्यकीय साहाय्य संस्था स्थापन केली. सभासदाच्या वेतनातील दर पौंडामागे तीन पेन्स संस्थेकडे जमा होत. त्या काळी एका पौंडाचे २४० पेन्स होत असत, म्हणजे ही वर्गणी वेतनाच्या सव्वा टक्का होती. तिच्या बदल्यात कामगाराला आणि त्याच्या कुटुंबाला डॉक्टर व औषधे मिळत. जास्त कमावणारा जास्त भरी, कमी कमावणारा कमी भरी. औषध मात्र ज्याला जेवढे लागे तेवढे मिळे. आजारी पडल्यावर दुकानात पैसे काढण्याची वेळ येऊ नये, हा त्या व्यवस्थेचा गाभा होता.

३/
याच गावात १८९७ मध्ये अन्यूरिन बेव्हन यांचा जन्म झाला. कोवळ्या वयातच शाळा सोडून ते खाणीत उतरले. त्यांचे वडीलही खाणकामगार होते. कोळशाच्या धुळीने फुप्फुसे निकामी होऊन १९२५ मध्ये त्यांचा मृत्यू झाला आणि त्याबद्दल कुटुंबाला कोणतीही नुकसानभरपाई मिळाली नाही. तरुण बेव्हन यांनी गावच्या रुग्णालयाच्या समितीवर काम केले. लोकांनी थोडे थोडे पैसे आधीच एकत्र केले, तर कोणालाही औषधासाठी याचना करावी लागत नाही, हे त्यांनी पुस्तकात वाचण्यापूर्वी गावात पाहिले होते.

४/
देशभर मात्र चित्र वेगळे होते. लॉइड जॉर्ज यांच्या पुढाकाराने १९११ मध्ये राष्ट्रीय विम्याचा कायदा झाला. कामगाराने आठवड्याला चार पेन्स, मालकाने तीन पेन्स आणि सरकारने दोन पेन्स भरायचे; त्यातून कामगाराला डॉक्टर आणि औषध मिळायचे. तो काळ लक्षात घेता ही मोठी मजल होती. परंतु हा विमा कामगाराचा होता, त्याच्या घराचा नव्हे. नोकरी न करणारी पत्नी आणि मुले त्याबाहेर राहिली. त्यामुळे घरात खोकणाऱ्या दोन माणसांपैकी एकाच्या औषधाची सोय होई, तर दुसऱ्याच्या औषधासाठी घरखर्चातून पैसे काढावे लागत. कोण आत आणि कोण बाहेर, हा प्रश्न ब्रिटनच्या औषधांच्या इतिहासात तेव्हापासून सतत उभा राहिला आहे.

५/
५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा, म्हणजेच एनएचएस, सुरू झाली. तिची उभारणी करणारे आरोग्यमंत्री होते बेव्हन. डॉक्टर, रुग्णालय, चष्मा, कवळी आणि औषध हे सारे घेताना रुग्णाने काहीही द्यायचे नव्हते. खर्च मुख्यत्वे करांतून भागायचा होता. पहिल्या काही महिन्यांतच औषधचिठ्ठ्यांचा पूर लोटला. सरकारी अंदाज कोलमडले. लोक फुकटात मिळते म्हणून औषधे घेत आहेत, अशी टीका सुरू झाली. इतकी वर्षे पैशांअभावी अंगावर काढलेली दुखणी आता डॉक्टरांपुढे येत आहेत, असे समर्थकांचे उत्तर होते.

६/
सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचे अवमूल्यन झाले आणि काटकसरीचा रेटा वाढला. त्याच वर्षी पंतप्रधान ॲटली यांच्या सरकारने कायद्यात दुरुस्ती करून औषधचिठ्ठीमागे एक शिलिंगपर्यंत शुल्क घेण्याचा अधिकार मिळवला. बेव्हन मंत्रिमंडळातच होते. शुल्क प्रत्यक्षात लागू होणार नाही, अशा अपेक्षेने त्यांनी हा कडू घोट गिळला. मजूर सरकारने तो अधिकार अखेरपर्यंत वापरला नाही हे खरे. परंतु कायद्यात एकदा केलेली तरतूद तिथेच राहिली आणि नंतर सत्तेवर आलेल्यांच्या हाती ती आयती पडली.

७/
१९५१ मध्ये कोरियातील युद्धामुळे शस्त्रसज्जतेचा खर्च अफाट वाढला. अर्थमंत्री ह्यू गेटस्केल यांनी एप्रिलच्या अंदाजपत्रकात कवळी आणि चष्म्यांवर शुल्क लावले. त्यातून त्या वर्षी वाचणारी रक्कम सुमारे १.३ कोटी पौंड होती. शस्त्रसज्जतेचा तीन वर्षांचा आराखडा होता ४७० कोटी पौंडांचा. बेव्हन यांनी राजीनामा दिला. त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघांनी मंत्रिपदे सोडली. एक जॉन फ्रीमन आणि दुसरे पस्तिशीतले हॅरॉल्ड विल्सन. विल्सन यांचे नाव ध्यानात ठेवावे, कारण १९६८ ची यादी त्यांच्याच कारकिर्दीत तयार होणार होती.

८/
त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये चर्चिल यांचा हुजूर पक्ष सत्तेवर आला. १ जून १९५२ पासून प्रत्येक चिठ्ठीमागे एक शिलिंग आकारणी सुरू झाली. सरकारी सहाय्यावर जगणाऱ्या गरिबांना हे पैसे परत मिळण्याची सोय होती. पण आधी दुकानात पैसे भरायचे आणि मग परतावा मागायचा, असा तो क्रम होता. ज्याच्या खिशात शिलिंग नाही त्याला उद्याचा परतावा आज उपयोगी पडत नाही. मदत असणे आणि मदत वेळेवर हाती लागणे यांतील हे अंतर तेव्हा प्रथम ठळकपणे दिसले.

९/
शुल्क चिठ्ठीमागे असल्याने डॉक्टर एकाच चिठ्ठीवर अधिक औषधे लिहू लागले. १ डिसेंबर १९५६ पासून सरकारने शुल्क चिठ्ठीऐवजी प्रत्येक औषधामागे लावले. मग डॉक्टर एकेका औषधाची अधिक मात्रा एकाच वेळी लिहून देऊ लागले. मार्च १९६१ मध्ये आरोग्यमंत्री इनॉक पॉवेल यांनी ही रक्कम औषधामागे दोन शिलिंग केली. एका चिठ्ठीवर तीन औषधे असतील तर १९५२ मध्ये एक शिलिंग लागे. १९६१ मध्ये सहा लागू लागले. शुल्काचा भार आता आजाराच्या भाराबरोबर वाढत होता. ज्याला अधिक दुखणी, त्याला अधिक खर्च.

१०/
बेव्हन १९६० मध्ये निवर्तले. चार वर्षांनी मजूर पक्ष अवघ्या चार जागांच्या बहुमताने सत्तेवर आला आणि पंतप्रधान झाले हॅरॉल्ड विल्सन. औषधशुल्क रद्द करण्याचे वचन पक्षाने निवडणुकीत दिले होते. १ फेब्रुवारी १९६५ रोजी ते पाळले गेले. चौदा वर्षांपूर्वी आरोग्य सेवेतील शुल्काच्या प्रश्नावर मंत्रिपद सोडणाऱ्या माणसाने सत्तेत येताच ते काढून टाकले, हा प्रसंग त्यांच्या अनुयायांसाठी मोठ्या समाधानाचा होता. ते समाधान जेमतेम सव्वातीन वर्षे टिकले.

११/
नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाचे पुन्हा अवमूल्यन झाले. एका पौंडाला २.८० डॉलर मिळत होते, ते २.४० वर आले. जानेवारी १९६८ मध्ये विल्सन यांनी खर्चकपातीची लांबलचक यादी संसदेत मांडली. तीत औषधशुल्क परत आणण्याचा निर्णय होता आणि रक्कम पूर्वीपेक्षाही अधिक होती, औषधामागे अडीच शिलिंग. बेव्हन यांच्या पत्नी जेनी ली त्या वेळी याच सरकारात कला खात्याचा कारभार पाहत होत्या. पक्षात संताप उसळला. तो शमवण्यासाठी सरकारने ठरवले की या वेळी दुर्बल घटकांना परतावा न देता थेट माफी द्यायची.

१२/
मुले, वृद्ध, गर्भवती, बाळंतिणी आणि सरकारी सहाय्यावरील कुटुंबे यांना माफी देणे सोपे होते. त्यांची ओळख वयावरून किंवा कागदावरून पटत असे. अडचण होती दीर्घकालीन रुग्णांची. दीर्घकालीन आजार म्हणजे नेमके काय? दमा वर्षभर छळतो, पण सगळ्यांनाच नाही. संधिवात कधी उफाळतो, कधी शमतो. प्रत्येक रुग्णाबाबत असा निवाडा देण्याची जबाबदारी डॉक्टरांना नको होती. त्यामुळे आरोग्यमंत्री केनेथ रॉबिन्सन यांच्या खात्याने वैद्यक व्यवसायाशी वाटाघाटी करून सोपी कसोटी स्वीकारली. आजार सहज ओळखता येणारा असावा, तो कायमचा असावा, आणि औषध थांबले तर जिवावर बेतावे.

१३/
त्या कसोटीतून उतरलेली यादी छोटी होती. औषधावर असलेला मधुमेह. कायम औषध लागणारा अपस्मार. थायरॉइड, पॅराथायरॉइड, अधिवृक्क आणि पीयूषिका या ग्रंथींचे कार्य मंदावणे. मायस्थेनिया ग्रेव्हिस हा स्नायूंचा विकार. शस्त्रक्रियेने शरीरावर ठेवलेले आणि सतत निगा लागणारे कायमचे छिद्र. आणि दुसऱ्याच्या मदतीविना घराबाहेर पडता येणार नाही असे अपंगत्व. यांतील बहुतेक आजारांत शरीरात न बनणारा एखादा स्राव बाहेरून पुरवावा लागतो. १९६८ च्या वैद्यकशास्त्राला जन्मभराचा औषधोपचार म्हटल्यावर मुख्यतः हेच उपचार दिसत होते. त्या दिवसापुरता विचार केला तर यादीत तर्क होता.

१४/
वैद्यकशास्त्र मात्र त्या दिवशी थांबले नाही. दम्यासाठी साल्ब्युटामॉलचा फवारा ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये आला, म्हणजे यादीनंतर अवघ्या वर्षभराने. दम्याची सूज रोजच्या रोज आटोक्यात ठेवणारा स्टेरॉइडचा फवारा १९७२ मध्ये आला. प्रत्यारोपित अवयव शरीराने नाकारू नये म्हणून घ्यावयाचे सायक्लोस्पोरिन १९८० च्या दशकात वापरात आले. ही औषधे जन्मभर घेणारे हजारो रुग्ण पुढे निर्माण झाले. त्यांच्यापैकी कोणाचाही आजार यादीत नव्हता, कारण यादी करताना असे औषध घेऊन जगणारा रुग्णच फारसा अस्तित्वात नव्हता.

१५/
सिस्टिक फायब्रोसिसची कथा सर्वांत बोलकी आहे. या जन्मजात विकारात फुप्फुसांत आणि पचनसंस्थेत दाट, चिकट स्राव साचतो. १९६० च्या दशकात हा विकार असलेली बहुतेक मुले प्रौढ होण्याआधीच दगावत. मुलांना वयामुळे माफी होतीच. म्हणून या आजाराचे नाव यादीत घालण्याची गरज कोणाला भासली नाही. पुढे उपचार सुधारले. आज ब्रिटनमधील या विकाराच्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जण प्रौढ आहेत. इंग्लंडमध्ये वयाची माफी संपली की त्यांच्यावर शुल्क लागू होते. जे मूल मोठे होणार नाही असे १९६८ मध्ये गृहीत धरले गेले, ते मोठे झाले आणि यादीने त्याच्या हाती बिल ठेवले.

१६/
दुसरीकडे, यादीतील आजार असलेल्याला सर्वच औषधांवर माफी मिळते. थायरॉइडची एक गोळी रोज घेणाऱ्या व्यक्तीला तिची सर्दी, त्वचाविकार किंवा गुडघेदुखी यांवरची औषधेही विनाशुल्क मिळतात. मग तिचे उत्पन्न कितीही असो. तिच्या शेजारी राहणारा, तुटपुंज्या पगाराचा दमेकरी दोन्ही फवाऱ्यांसाठी वेगवेगळे शुल्क भरतो. यात त्या पहिल्या व्यक्तीचा काही दोष नाही. तिच्या आजाराचे नाव योग्य वेळी योग्य कागदावर होते, इतकेच.

१७/
यादीबाहेरच्यांसाठी वाटा अगदीच बंद नव्हत्या. शुल्काबरोबरच आगाऊ भरण्याच्या दाखल्याची सोय आली. ठरावीक रक्कम एकदाच भरायची आणि मुदतीत हवी तितकी औषधे घ्यायची. २०२४ मध्ये त्याचा वर्षाचा दर ११४.५० पौंड होता. अल्प उत्पन्न असणाऱ्यांसाठी वेगळी योजना आहे. तिच्यासाठी ‘एचसी-१’ हा अर्ज भरून उत्पन्न, बचत आणि घरभाडे यांचा तपशील द्यावा लागतो. पूर्ण मदतीचा ‘एचसी-२’ दाखला मिळाला तर औषधशुल्क माफ होते. अंशतः मदतीचा ‘एचसी-३’ मिळाला तर औषधशुल्कात काहीच सूट मिळत नाही. हे बारकावे माहीत असणारा रुग्ण वाचतो. ज्याला ते माहीत नाहीत तो दुकानात पैसे भरतो, किंवा चिठ्ठीवरच्या तीन औषधांपैकी कोणते सोडता येईल असे विचारतो.

१८/
दरम्यान शुल्क चढत गेले. १९७१ पासून ते औषधामागे २० पेन्स होते. मार्गारेट थॅचर सत्तेवर आल्या त्या १९७९ सालीच ते ४५ पेन्स झाले आणि १९८० च्या अखेरीस १ पौंड. २००० मध्ये ६ पौंड, २०१० मध्ये ७.२० पौंड आणि २०२४ मध्ये ९.९० पौंड. माफीच्या वयोमर्यादेतही फेरफार झाले. मध्यंतरी स्त्रियांना ६० व्या वर्षी तर पुरुषांना ६५ व्या वर्षी माफी मिळे. पासष्टी न गाठलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी याला आव्हान दिले आणि ऑक्टोबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने हा भेद बेकायदा ठरवला. त्यानंतर दोघांसाठीही मर्यादा ६० झाली. वयाची रेघ न्यायालयाने हलवली; आजारांची यादी तिथेच राहिली.

१९/
चुकीची खूण करणाऱ्यासाठी दंडही आहे. माफीचा दावा अमान्य ठरला तर मूळ शुल्काशिवाय त्याच्या पाचपटीपर्यंत, कमाल १०० पौंड, दंड बसतो. २०१९ मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने या दंडाच्या नोटिसांची तपासणी केली, तेव्हा माफीचे नियम गुंतागुंतीचे असल्याचे स्पष्ट झाले. माफीचा हक्क खरोखरच असल्याचे सिद्ध झाल्यामुळे मागे घ्याव्या लागलेल्या नोटिसांची संख्या लाखांत होती. कुणाचा दाखला मुदत संपून गेलेला होता, कुणाला मिळणारा भत्ता वेगळ्या नावाचा होता. मदतीस पात्र माणूस काही काळ लबाड ठरत होता.

२०/
यादी बदलण्याचा सर्वांत गंभीर प्रयत्न २००८ मध्ये झाला. पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनी कर्करुग्णांना माफी जाहीर केली आणि १ एप्रिल २००९ पासून ती लागू झाली. १९६८ नंतरची ही एकमेव भर. इतर दीर्घकालीन रुग्णांना माफी टप्प्याटप्प्याने कशी देता येईल हे सुचवण्याचे काम प्राध्यापक इयन गिल्मोर यांच्याकडे सोपवले गेले. निदान सहा महिने टिकणारा कोणताही आजार दीर्घकालीन मानावा, अशी व्याख्या त्यांनी सुचवली. म्हणजे नावांची यादीच नको. हा अहवाल मे २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच महिन्यात सरकार बदलले होते. तिजोरीवर ताण असल्याचे कारण देऊन नव्या सरकारने शिफारशी बाजूला ठेवल्या.

२१/
ब्रिटनच्या इतर भागांनी वेगळा मार्ग धरला. वेल्सने २००१ मध्ये पंचविशीच्या आतील सर्वांना माफी दिली, मग शुल्क टप्प्याटप्प्याने उतरवले आणि १ एप्रिल २००७ रोजी ते पूर्ण रद्द केले. उत्तर आयर्लंडने २०१० मध्ये आणि स्कॉटलंडने २०११ मध्ये तेच केले. इंग्लंडचा युक्तिवादही समजून घ्यायला हवा. तेथे दहापैकी सुमारे नऊ औषधे आजही विनाशुल्कच दिली जातात. उरलेल्या एकातून वर्षाला ६० कोटी पौंडांहून अधिक रक्कम आरोग्य सेवेला मिळते. ज्याला परवडते त्याने भरावे, हे म्हणणे चुकीचे नाही. प्रश्न असा की परवडते कोणाला, हे १९६८ मधील आजारांची नावे कसे सांगणार?

२२/
ट्रेडेगर वेल्समध्ये आहे. जेथे कामगार वेतनातील पौंडामागे तीन पेन्स जमा करीत, त्या गावच्या औषधविक्रेत्याला आज चिठ्ठी घेऊन आलेल्या माणसाचे वय, उत्पन्न किंवा आजार यांपैकी काहीही विचारण्याचे कारण पडत नाही. तेथून काही मैलांवर इंग्लंडची हद्द सुरू होते. इंग्लंडमधील चिठ्ठीच्या मागील बाजूस लहान चौकोनांची रांग छापलेली असते आणि औषध हाती पडण्यापूर्वी रुग्णाला त्यांतील कोणता आपला, हे शोधून खूण करावी लागते. दम्यासाठी किंवा सिस्टिक फायब्रोसिससाठी त्या रांगेत चौकोन नाही.
(समाप्त)